हेवा केली : एक प्रस्तावना

मार्च १९७४ मधल्या लागोपाठच्या दोन शनिवारी, ९ आणि १६ तारखेला, फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम दाखवला गेला. नाव अगदी साधं, ‘मनोविश्लेषण’. पडद्यावर बहात्तर वर्षांचा एक गृहस्थ बोलत असतो. बोलता बोलता तो सुस्कारा टाकतो, एखादा शब्द ताणून ताणून सोडतो, एकदम आवाज चढवतो, हात वर नेतो आणि खाली घ्यायचा विसरल्यासारखा तसाच ठेवतो. एक तरुण त्याला प्रश्न विचारतोय. उत्तरं येतात, पण ती त्याच प्रश्नांची आहेत का, हे ठरवेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो.

हा गृहस्थ म्हणजे झाक लाकाँ. प्रश्न विचारणारा झाक-आलँ मिलेर, लाकाँचा जावई आणि त्याच्या व्याख्यानांचा संपादक. दिग्दर्शक बेन्वा झाको तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कार्यक्रमाची संहिता त्याच वर्षी ‘तेलेव्हिझ्याँ’ नावाच्या लहानशा पुस्तकात छापली गेली. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. टीव्हीवर काय दाखवायचं असतं, याबद्दल सगळ्या जगातच थोडी अनिश्चितता होती, म्हणून कदाचित असलं धाडस जमून गेलं असावं.

ही फिल्म मी पहिल्यांदा पाहिली ती एका मित्राच्या घरी, कॉपीची कॉपी झालेल्या कॅसेटवर. खाली अनुवाद नव्हता आणि माझं फ्रेंच परीक्षेपुरतं. दहा मिनिटांत माझा धीर सुटला. तेवढ्यात मित्राची आई चहा घेऊन आली, ट्रे हातात धरून क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “हे कीर्तनकार आहेत का रे?”

आम्ही हसलो. पण काकूंना जे दिसलं ते आम्हाला दिसलं नव्हतं. आम्ही अर्थामागे धावत होतो, त्या बोलण्याकडे बघत होत्या. कुठे थांबायचं, कुठला शब्द दोनदा घ्यायचा, श्रोत्याला कधी एकदम मोकळं सोडायचं, हे सगळं तो माणूस मोजूनमापून करत होता. पुढे वाचनात आलं की ही मुलाखत उत्स्फूर्त नव्हतीच. मजकूर आधी लिहिलेला होता आणि लाकाँ तो कॅमेऱ्यासमोर वठवत होता. फरक एवढाच, की कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावून पूर्वरंगातला मुद्दा उलगडून देतो. लाकाँचा उत्तररंग येतच नाही.

या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकासाठी मी हे लिहितो आहे. विषय आहे भाषा आणि नेणीव यांचं नातं, आणि त्यात लाकाँला टाळून जाता येत नाही. त्याच्याविषयी दोन अफवा पसरलेल्या आहेत. एक, तो कुणालाच कळत नाही. दुसरी, तो कळला तर आयुष्याचं कोडं सुटतं. दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

मनोविश्लेषण आणि प्रसारमाध्यमं यांचं जुळायला वेळ लागला, तेवढं आधी सांगून टाकतो. फ्रॉइडला सिनेमाचा तिटकारा होता. १९२५ मध्ये हॉलिवूडच्या सॅम्युअल गोल्डविनने मोठ्या रकमेचा देकार दिला, तो त्याने धुडकावला. पुढच्याच वर्षी पाब्स्टने मनोविश्लेषणावर चित्रपट काढला. फ्रॉइडचे दोन निकटचे सहकारी त्याला मदत करत होते, पण स्वतः फ्रॉइड लांबच राहिला. त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण म्हणून जे प्रसिद्ध आहे ते बीबीसीने डिसेंबर १९३८ मध्ये लंडनला केलेलं. जबड्याच्या कर्करोगाने जेरीला आलेला तो म्हातारा अडखळत, इंग्रजीत, दोनेक मिनिटं बोलतो. याउलट लाकाँच्याच संस्थेतली फ्राँस्वाज दोल्तो १९७६ नंतर रेडिओवर आईबापांच्या पत्रांना उत्तरं द्यायला लागली आणि फ्रान्समध्ये घरोघरी पोचली. तिने साधं बोलून जे मिळवलं ते लाकाँने अवघड बोलून मुद्दाम नाकारलं, असं म्हणता येईल.

मुद्दाम म्हणतो, कारण कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच त्याने आपली भूमिका उघड केली आहे. टीव्हीसमोरचा प्रेक्षक आणि आपल्या व्याख्यानाला वर्षानुवर्षं येणारा श्रोता यांत तो फरक करायला तयार नाही. दोन्हीकडे एक नजर आहे आणि तो तिच्यासमोर बोलतो, बस्स. संस्कृत नाटकात ‘आकाशभाषित’ नावाची एक युक्ती असते. रंगमंचावर एकटंच पात्र, ते आकाशाकडे बघून ‘काय म्हणालात?’ असं विचारतं, न ऐकू आलेलं उत्तर स्वतःच सांगतं आणि संवाद पुढे नेतं. लाकाँचं टीव्हीवरचं बोलणं मला त्या जातीचं वाटतं. समोर कुणी दिसत नाही, म्हणून त्या ‘कुणा’चीही पातळी गृहीत धरून खाली उतरायचं कारण नाही.

माणसाची ओळख थोडक्यात करून देतो, कारण चरित्रात रमलो तर विषय बाजूला राहील. जन्म पॅरिसचा, १९०१ चा. शिक्षण वैद्यकाचं आणि मनोविकारशास्त्राचं. १९३२ चा प्रबंध एका स्त्री रुग्णाच्या मनोविकृतीवर. १९५३ पासून साँतान या मनोरुग्णालयात, १९६४ पासून एकोल नॉर्मालमध्ये आणि १९६९ पासून पाँतेओंजवळच्या कायदा विद्यापीठात त्याचं ‘सेमिनार’ चालायचं. नावाला सेमिनार, बसायला जागा मिळत नसे. विश्लेषणाचं सत्र ठरावीक मिनिटांचं ठेवण्याऐवजी मध्येच तोडण्याची त्याची रीत आंतरराष्ट्रीय संघटनेला मान्य नव्हती. १९६३ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव काढलं गेलं, १९६४ मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली आणि १९८० मध्ये स्वतःच ती मोडली. पुढच्या वर्षी तो गेला. ‘एक्री’ हा त्याचा नऊशेहून जास्त पानांचा लेखसंग्रह १९६६ चा.

आता मूळ मुद्द्याकडे.

लाकाँच्या नावावर एक सूत्र सगळीकडे फिरतं : नेणिवेची रचना भाषेसारखी असते. हे पाठ करायला सोपं आहे आणि म्हणूनच घातक आहे. ते समजून घ्यायचं तर आधी ‘नेणीव’ या शब्दाशीच थोडं भांडावं लागेल. फ्रॉइडच्या या कल्पनेला मराठीत पाच-सहा नावं पडली आहेत आणि प्रत्येक नाव वाचकाला वेगळ्याच गल्लीत घेऊन जातं. ‘अंतर्मन’ म्हटलं की घराच्या मागची अंधारी खोली डोळ्यांसमोर येते, जुनी ट्रंक वगैरे. ‘सुप्त मन’ म्हटलं की कुणीतरी झोपलंय. खरं तर आपण झोपतो तेव्हाच ते सर्वांत जास्त कामात असतं. ‘अबोध मन’ पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, पण ‘अबोध’ म्हटलं की मराठी कानाला निरागस बालिका ऐकू येते. शिवाय या सगळ्यांत ‘मन’ आधीच येऊन बसलंय, आणि लाकाँचं म्हणणं नेमकं हे आहे की ही गोष्ट मनाच्या आत कुठे पुरलेली नसते. ती बोलण्यात असते, दोन शब्दांच्या फटीत, सगळ्यांदेखत.

म्हणून मी ‘नेणीव’ घेतो. जाणणे-नेणणे या जोडीतला हा शब्द. हरिपाठात जाणीव आणि नेणीव जोडीने येतात, तेव्हा हा शब्द वारकऱ्यांच्या तोंडी शतकानुशतकं आहे. तिथे त्याचा अर्थ अज्ञान. फ्रॉइडचा अर्थ त्यात नाही, आणि ओढूनताणून तो तिथे बघूही नये. पण शब्दाची घडण कामाची आहे. फ्रॉइडच्या जर्मन शब्दातही जाणण्याचाच धातू आहे आणि त्याला नकार लागला आहे. लाकाँने नेणिवेबद्दल जे सांगितलं ते या घडणीत बसतं : ते एक ज्ञान आहे, फक्त ते ‘मला ठाऊक आहे’ असं म्हणणारा कुणी तिथे नाही. टीव्हीवरच्या मुलाखतीत तो फ्रॉइडच्या या शब्दावर कुरकुरतो, त्याच्या नकारार्थी रूपाबद्दल तक्रार करतो, आणि तरी तो बदलायचा नाही असंही म्हणतो. पुढे १९७६ च्या सेमिनारमध्ये त्याने जर्मन ‘उनबेवुस्ट’चा कानाला लागणारा फ्रेंच अवतार केला, ‘युन बेव्यू’, म्हणजे ‘एक घोडचूक’. अनुवाद म्हणून हे साफ चूक आहे. पण नेणीव कुठे भेटते ते त्यात बरोबर सांगितलंय.

ती चुकीतच भेटते. इथे एक प्रसंग सांगतो.

आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचं निधन झालं. तेराव्याला धाकटे भाऊ दोन शब्द बोलायला उभे राहिले. मोठ्या भावाची अखेरची दोन वर्षं अंथरुणात गेली होती आणि या धाकट्यांनी सगळं केलं होतं, अगदी बेडपॅनपासून. ते म्हणाले, “शेवटची दोन वर्षं मी दादांची हेवा केली.”

कुणी हसलं नाही. एका मुलाने मान वर केली, आईने त्याच्या मांडीवर हात ठेवला. बोलणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. ते पुढे औषधांबद्दल, डॉक्टरांबद्दल बोलत राहिले. पण ते वाक्य माझ्या कानात अडकून बसलं, आणि हेवा या शब्दापेक्षा जास्त ‘केली’मुळे. हेवा पुल्लिंगी. हेवा करायचाच असता तर ‘दादांचा हेवा केला’ झालं असतं. इथे व्याकरण शेवटपर्यंत सेवेचंच राहिलं. षष्ठी स्त्रीलिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. मध्ये फक्त एक ‘स’ गेला आणि ‘ह’ आला. एकाच वाक्यात दोन वाक्यं उभी होती आणि दोन्हींनी एकमेकांना जागा करून दिली होती.

हे वाचून लगेच ‘म्हणजे मनातून भावाबद्दल हेवा होता तर!’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरला तर या क्षेत्रातलं निम्मं शिक्षण झालं. त्या ‘ह’चा अर्थ मला ठाऊक नाही. कदाचित हेवा मोठ्या भावाचा असेल, कदाचित सेवा करून घेणाऱ्याचाच हेवा वाटला असेल, कदाचित मोठ्या भावाच्या तोंडी सतत असलेला एखादा शब्द तिथे येऊन बसला असेल. अर्थ सांगायचा हक्क बोलणाऱ्याचा, आणि तोही त्याने पुढे काय बोललं यावर अवलंबून. आपण फक्त एवढंच म्हणू शकतो की तिथे काहीतरी बोललं गेलं, आणि ते ‘मी’ बोललो असं म्हणणारा तिथे नव्हता.

फ्रॉइडने हे काम सुरुवातीपासून अक्षरांच्याच पातळीवर केलं होतं, हे लाकाँने पुन्हा दाखवून दिलं. १८९८ चं सिन्योरेल्लीचं उदाहरण घ्या. रागूसाहून, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकहून, हर्झगोविनाकडे जाताना फ्रॉइड सहप्रवाशाशी इटलीबद्दल गप्पा मारत होता. ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं नाव काही केल्या त्याला आठवेना. त्याऐवजी बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफिओ अशी दोन नावं पुढे येत होती. थोड्या वेळापूर्वी त्याच गप्पांत बोस्नियातल्या तुर्कांचा विषय निघाला होता; ते डॉक्टरशी बोलताना ‘हेर’, म्हणजे ‘साहेब’, म्हणून मृत्यू कसा शांतपणे स्वीकारतात, हे सांगून झालं होतं. त्याला जोडून मनात आलेला एक विषय फ्रॉइडने गिळला होता, आणि त्राफोई नावाच्या गावी असताना आपल्या एका रुग्णाच्या मृत्यूची त्याला मिळालेली बातमी त्यामागे होती. आता अक्षरं बघा. ‘सिन्योर’ म्हणजे इटालियनमध्ये ‘साहेब’, म्हणजेच ‘हेर’, आणि तेच हर्झगोविनाच्या आरंभी. ते बुडालं. ‘एल्ली’ वाचलं आणि बोत्तिचेल्लीत तरंगलं. ‘बो’ बोस्नियातून आला. ‘त्राफिओ’ त्राफोईतून. चित्रकाराचं नाव दोन भाषांमध्ये फाडून त्याचे तुकडे वाटून टाकले होते.

यात कुठेही खोल, गूढ असं काही नाही. कोडं सोडवणाऱ्याला समजेल असं आहे. स्वप्नांवरचं पुस्तक, रोजच्या चुकांवरचं १९०१ चं पुस्तक आणि विनोदावरचं १९०५ चं पुस्तक, हे तिन्ही ग्रंथ फ्रॉइडने असे शब्दांचे सांधे सुटे करत लिहिले. त्याच्या हाती तेव्हा आधुनिक भाषाविज्ञान नव्हतं. सोस्यूरचं पुस्तक १९१६ चं, तेही त्याच्या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार झालेलं. ते लाकाँच्या हाती होतं, आणि रोमान याकॉबसनसारखा मित्रही होता.

सोस्यूरने शब्दाचे दोन पदर सांगितले, चिन्हक आणि चिन्हित. सोप्या मराठीत, ऐकू येणारं अंग आणि कळणारं अंग. ही दोन्ही कागदाच्या दोन बाजूंसारखी चिकटलेली असतात असं त्याचं म्हणणं. लाकाँने त्यांच्यामधली रेघ ठळक केली. त्याच्या मते ऐकू येणारं अंग आपापसांत साखळी करतं आणि अर्थ त्या साखळीखालून सरकत राहतो. १९५७ च्या एका व्याख्यानात त्याने सोस्यूरच्या पुस्तकातल्या झाडाच्या चित्राऐवजी दोन एकसारखी दारं काढली. एकावर ‘स्त्रिया’, दुसऱ्यावर ‘पुरुष’. आगगाडीत समोरासमोर बसलेले बहीणभाऊ. गाडी स्टेशनात शिरते, प्रत्येकाला आपापल्या बाजूची पाटी दिसते आणि आपण कुठल्या गावी पोचलो यावर त्यांचं भांडण जुंपतं. दारं तीच, त्यांवरच्या शब्दांनी दोघांना दोन देशांत टाकलं.

याकॉबसनने १९५६ मध्ये भाषेच्या दोन हालचाली सांगितल्या होत्या : एका शब्दाच्या जागी दुसरा आणणं, आणि एकावरून शेजारच्यावर जाणं. पहिली रूपकाची, दुसरी लक्षणेची. लाकाँने त्या फ्रॉइडच्या स्वप्नक्रियांना जोडल्या. मराठी माणसाला हे उदाहरणाने लगेच कळेल. ‘त्यांची चूल वेगळी झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा भांडण, वाटणी, सुना, जमीन, रुसवे, यांतलं काहीच उच्चारत नाही. चुलीवरून घरावर, घरावरून नात्यावर सरकत जातो. इच्छा अशीच सरकते, असं लाकाँ म्हणतो; हवं असतं ते नेहमी पुढच्या शब्दावर गेलेलं असतं.

आणि इथे मला थांबून एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण या विषयात मला हाताला धरून आत नेलं ते तिनेच.

१९५३ मध्ये लाकाँने रोममध्ये एक मोठा निबंध मांडला. भाषा आणि वाणी यांचं मनोविश्लेषणातलं स्थान हा त्याचा विषय. पुढच्या सगळ्याची बीजं त्यात आहेत. त्याच्या तिसऱ्या भागात, विश्लेषकाने बोलावं कसं याची चर्चा करताना, तो अचानक ध्वनिसिद्धान्त काढतो. शब्द जे म्हणत नाहीत ते पोचवण्याची त्यांची शक्ती, असं त्याचं वर्णन करतो आणि अभिनवगुप्ताच्या नावावर एक गोष्ट सांगतो. नदीकाठी एक तरुणी प्रियकराची वाट बघते आहे. तेवढ्यात एक ब्राह्मण येताना दिसतो. ती पुढे होऊन गोड आवाजात त्याला खुशखबर देते : ज्या कुत्र्याला तुम्ही भ्यायचात तो आता नाही, इथे फिरणाऱ्या सिंहाने त्याला मारून टाकलं. लाकाँने हे कांतिचंद्र पांडेय यांच्या बनारसहून १९५० मध्ये निघालेल्या ग्रंथातून घेतलं, आणि तसं नमूदही केलं.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, ही गोष्ट मला ठाऊक आहे. आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’त ती ध्वनीच्या अगदी पहिल्या उदाहरणांत येते, अभिनवगुप्ताने त्यावर ‘लोचन’ लिहिलं. बाहेरून ‘खुशाल फिरा’, आतून ‘फिरकू नका’, विधीतून निषेध. पण ती संस्कृतातली नाहीच. ती गाथा आहे, प्राकृत, महाराष्ट्री प्राकृत, हाल सातवाहनाच्या सप्तशतीतली. स. आ. जोगळेकरांची गाथासप्तशती घरात असेल तर काढून बघा. लाकाँच्या सांगण्यात नदीला नाव नाही. गाथेत आहे, ‘गोला’. म्हणजे गोदावरी. पैठणच्या राजाच्या नावावरच्या संग्रहातून काश्मीरच्या पंडितांकडे, तिथून बनारसच्या छापखान्यात, तिथून रोमच्या सभागृहात, असा त्या सिंहाचा प्रवास झाला. मराठीत लाकाँविषयी बोलणारे आम्ही लोक पॅरिसकडे तोंड करून उभे असतो, आणि हा माणूस आमच्या आजोळच्या नदीवरचा किस्सा पॅरिसच्या विश्लेषकांना शिकवत होता!

आता यावरून ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ असा डंका पिटायचा नाही. उलट जिथे दोन गोष्टी जुळत नाहीत तिथे नीट बघावं. त्या तरुणीला आपण काय करतोय ते पक्कं माहीत आहे. न बोललेलं तिनेच योजलेलं आहे, आणि सहृदय रसिकाला ते कळतं. तेराव्याला बोलणाऱ्या त्या गृहस्थांनी काहीच योजलेलं नव्हतं. त्यांच्या वाक्यातला ‘ह’ व्यंजनेचा नव्हे. तिथे व्यंजना करणारा कुणी नाही. आनंदवर्धनाच्या शास्त्रात या ‘कुणी नाही’ला जागा नाही, त्याला तिची गरजही नव्हती. फ्रॉइडला होती.

मग लाकाँने ती गाथा कशाला घेतली? रुग्णासाठी नव्हे, विश्लेषकासाठी. समोरच्याला ‘तुम्हाला भावाचा हेवा वाटत होता’ असं समजावून सांगणं म्हणजे त्या ब्राह्मणाला ‘इथून चालते व्हा’ म्हणणं. तो वाद घालील, रागावेल, फार तर मान डोलावेल. पण ‘केली?’ एवढाच एक शब्द त्याला परत दिला, त्याच्याच आवाजात, आणि त्याच क्षणी सत्र थांबवलं, तर तो शब्द घरी जाईपर्यंत वाजत राहील. सिंह प्रत्यक्षात दिसत नाही, पण पावलं वळतात. सत्र मध्येच तोडण्याच्या त्या वादग्रस्त रीतीचं समर्थन असं होतं. प्रत्यक्षात ती सत्रं शेवटी शेवटी फार आखूड झाली, आणि माझ्या मते त्यात सिद्धान्ताइतकाच दारातल्या गर्दीचाही हात होता.

रोमच्या त्याच निबंधाचा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या मेघगर्जनेने होतो. प्रजापती एकच अक्षर उच्चारतो, ‘द’. देव, माणसं आणि असुर त्यातून दमन, दान आणि दया असे तीन वेगळे आदेश ऐकतात. अक्षर एक, आणि अर्थ ऐकणाऱ्याकडून परत आलेला. लाकाँला हे का आवडलं असेल ते आता वेगळं सांगायला नको.

परत टीव्हीकडे येऊ. मिलेर त्या कार्यक्रमात कान्टचे तीन प्रश्न विचारतो : मला काय जाणता येईल, मी काय करावं, मी कशाची आशा धरावी. लाकाँ तिन्हींची टर उडवतो असं आधी वाटतं. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की तो प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याकडे वळवतो आहे. काही जागी त्याची नजर दूरवर पोचली आहे. वंशद्वेष ओसरणार नाही, वाढेल, हे तो १९७४ मध्ये सांगतो, आणि कारण देतो ते परक्याच्या सुखाबद्दलच्या आपल्या असूयेचं. काही जागी मला तो पटत नाही. उदासीनता ही मुळात भावना नसून एक प्रकारचा नैतिक भ्याडपणा आहे, असं तो दान्ते आणि स्पिनोझा यांचा आधार घेऊन म्हणतो. त्याला म्हणायचंय ते असं, की आपल्या नेणिवेत काय चाललंय ते नीट शब्दांत मांडण्याची जबाबदारी माणूस टाळतो तेव्हा उदास होतो. विचार म्हणून हे धारदार आहे. पण महिनोन्महिने अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत हे वाक्य कुणी उच्चारू नये. तिथे डॉक्टर आणि औषधं लागतात.

टीकाकारांनाही वाचावं. सोकल आणि ब्रिकमाँ यांनी १९९७ मध्ये त्याच्या गणिती चिन्हांवर घेतलेले आक्षेप बऱ्याच अंशी खरे आहेत. ते गणित नव्हे. अनेक स्त्रीवादी अभ्यासक त्याच्याशी कडाक्याने भांडल्या, आणि त्या भांडणातून या क्षेत्रातलं काही उत्तम लेखन निघालं. त्याचा अहंकार दांडगा होता, शिष्य त्याला भीत असत. हे सगळं खरं, आणि फ्रॉइडला अक्षरं मोजत वाचायला त्यानेच शिकवलं, हेही खरं.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असं विद्यार्थी विचारतात. ‘एक्री’पासून करू नका. फ्रॉइडच्या रोजच्या चुकांवरच्या पुस्तकापासून करा, तेही सलग नव्हे; दिवसाला एक उदाहरण, आणि त्याच दिवशी स्वतःच्या घरात तसं काही ऐकू येतं का ते बघा. मग १९५३ चा निबंध. मग ‘तेलेव्हिझ्याँ’, आणि शक्य असेल तर पुस्तकाआधी ती फिल्म. छापील पानाच्या समासात मिलेरने दिलेल्या टिपा वाट दाखवतात, पण पहिल्या खेपेला त्याही झाकून ठेवा. लाकाँने शेवटच्या दशकात ‘लालांग’ असा एक शब्द घडवला : भाषेच्या फ्रेंच शब्दाला तिचं उपपद चिकटवून, बाळाच्या लळलळीसारखा. व्याकरण यायच्या आधी अंगावर पडलेली भाषा, अंगाईची, बोबड्या बोलांची, आजीच्या रागाची. फ्रेंच अनुवादाशी झगडताना आपली लालांग मराठी आहे, हे विसरू नका. ‘जीव लागत नाही’ आणि ‘डिप्रेशन आलंय’ ही एकाच दुखण्याची दोन नावं नसतात. एकाच माणसाच्या तोंडी एकाच दिवशी दोन्ही येतात, तेव्हा कुठल्या वाक्यात कुठलं आलं ते टिपून ठेवावं.

तेराव्याचा तो प्रसंग इथे लिहिण्याआधी मी त्या गृहस्थांकडे गेलो. आता तेही सत्तरीच्या पुढे आहेत. काय ऐकलं होतं ते सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “लिही. माझं नाव नको, दादांचंही नको.” मी उठलो, चप्पल घातली. ते दारापर्यंत आले.

“आणि ‘केला’ करू नकोस हं ते. ‘केली’च ठेव.”